कळलावी की गौरीचे हात

सरावलीच्या चाळीत आम्ही राहायला आलो त्याच दिवशी आईने जाहीर करून टाकलं की हे गाव काही तिला मानवायचं नाही, आणि त्यानंतरचं सबंध वर्ष तिने ते खरं करून दाखवण्यात घालवलं. आमचं मूळ गाव पाटणच्या बाजूला, डोंगरात. तिथला पाऊस इथल्यापेक्षा कितीतरी दांडगा. पण आईच्या मते तो थंड पाऊस होता, शहाणा पाऊस होता. इथला पाऊस अंगाला घाम आणतो, असला पाऊस काय कामाचा? बरणीतलं मीठ पाणी सोडायचं, काड्यापेटीची काडी तीनदा घासल्याशिवाय पेटायची नाही, पापड तळायच्या आधीच मान टाकायचे. यातल्या प्रत्येक गोष्टीला आईच्या लेखी अण्णा जबाबदार होते. अण्णा म्हणजे माझे वडील. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ते फिटर होते, आणि फिटर माणसाला सगळं दुरुस्त करता येतं असा त्यांचा स्वतःचाही समज होता. त्यांनी मिठाच्या बरणीत तांदळाची पुरचुंडी ठेवून पाहिली, काड्यापेटी स्टोच्या कोनाड्यात ठेवून पाहिली. आई बघत राहायची आणि म्हणायची, "आता हवा पण बदलून आणा बाजारातनं."

चाळ म्हणजे एका ओळीत पाच खोल्या, पुढे सामायिक अंगण, अंगणापलीकडे विहीर आणि विहिरीच्या पलीकडे घरमालकांचं कौलारू घर आणि चिकूची वाडी. घरमालकीण जानकीकाकू. त्यांची माणसं पिढ्यानपिढ्या इथलीच. काकू उंच, सावळ्या, तोंडात कायम पान, आणि आवाज असा की वाडीच्या त्या टोकाला गड्याला हाक मारली तर अलीकडच्या टोकाला आमच्या फळीवरचं भांडं थरथरायचं. त्यांच्या बोलण्यात 'ख'चा 'क', 'भ'चा 'ब' आणि 'ळ'चा 'ल' होत असे. आई सुरुवातीला त्यांचं निम्मं बोलणं समजून घ्यायची आणि उरलेल्या निम्म्याचा राग मानायची. तरी पहिले आठ-दहा महिने बरे गेले. काकू आळवाची पानं पाठवायच्या, आई त्यांच्याकडे थालीपीठ पाठवायची. मग श्रावणातल्या एका उन्हाच्या दिवशी आईने आमची वाकळ धुऊन दोरीवर टाकली आणि काकूंनी सादळलेलं सुकट ऊन दाखवायला बरोबर त्याच दोरीखाली पसरलं. वारा आला. ओली वाकळ सुकटीवर पडली. यात नुकसान कोणाचं, यावर त्या दिवशी अंगणात जे बोलणं झालं ते पाचही खोल्यांनी दारात उभं राहून ऐकलं. आई म्हणत होती की वाकळीला आता जन्मभर वास येणार. काकू म्हणत होत्या की सुकटीचा चिखल झाला. शेवटी दोघींनी एकमेकींना सांगितलं की यापुढे माझ्याशी बोलू नकोस, आणि दोघींनी ते तंतोतंत पाळलं.

पाळलं म्हणजे काय, तर सगळं बोलणं माझ्यामार्फत सुरू झालं. मी तेव्हा बारा वर्षांची. विहिरीवर दोघी चार हातांवर उभ्या असायच्या आणि आई म्हणायची, "विजू, तुझ्या काकूला सांग, पोहरा आमचा हाय." मी तोंड वळवायच्या आत काकू म्हणायच्या, "विजू, तुजे आयला सांग, पोऱ्हा तिचा असंल, दोर आमचा हाय." मी मध्ये नुसती मान इकडून तिकडे फिरवायची. आता साठी उलटल्यावर मानेचा पट्टा लावायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, काही जुनी दुखापत? मी हो म्हणणार होते.

हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते एवढंच की आईने मामाला पत्र लिहायला लावलं. तिला वाचता यायचं, लिहिताना हात अडायचा, म्हणून तिने सांगितलं आणि मी लिहिलं. गौरी-गणपती झाले की आम्हा दोघींना न्यायला ये; इथं माणसांत मन रमत नाही; यांची शिफ्ट असते, मी भिंतींशी बोलते. शेवटचं वाक्य लिहिताना मी पेन थांबवलं. आई म्हणाली, "लिही. भिंतींवर वेलांटी दे नीट." मामाचं उत्तरही आलं: अनंत चतुर्दशी झाली की येतो, सामान बांधून ठेवा. अण्णांनी ते कार्ड दोनदा वाचलं, खिशात घातलं आणि सेकंड शिफ्टला निघून गेले. माझी शाळा बोईसरची. नुकताच कुठे वर्गात मला पहिल्या बाकावर बसायला मिळालं होतं, आणि अण्णांना स्वयंपाकातलं चहाखेरीज काहीच करता येत नाही हेही मला माहीत होतं. पण मला कोणी विचारलं नव्हतं.

गौरी यायच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट. आमच्याकडे आणि इथेही गौर तेरड्याची. रानातला फुललेला तेरडा मुळासकट आणायचा, त्याची जुडी म्हणजे गौर. काकूंचं माहेर उमरोळीचं. दरवर्षी त्या माहेरच्या रानातून तेरडा आणून पाचही बिऱ्हाडांना वाटायच्या. त्या वर्षीही त्यांनी निरोप धाडला, "विजू, तुजे आयला सांग, तेरडा आनते मी सगल्यांचा." आईने तिथल्या तिथे उत्तर दिलं, "विजू, काकूला सांग, माझ्या गौरीला पाय हाईत. ती माझ्याबरोबर चालत येईल." आणि घरात आल्यावर मला हळूच विचारलं, "कुठं मिळतो गं हितं तेरडा?" मी छाती पुढे काढून म्हटलं की मला ठाऊक आहे. वर्गातल्या एका मुलीने कधीतरी सांगितलं होतं, उमरोळीच्या बाजूला टेकडीखाली खूप असतो. एवढ्या माहितीवर मी आईला घेऊन सकाळी नऊ वाजता निघाले. पिशवीत भाकरी आणि कारळ्याची चटणी, हातात विळा, डोक्यावर दोघींत एक छत्री. त्या छत्रीचा उपयोग मुख्यतः मला ढोसण्यासाठी झाला.

सालवड गावाच्या रस्त्याने न जाता आम्ही रुळांच्या कडेची पायवाट धरली. पाऊस चार दिवस उघडला होता. वर्षभर आई बाजार, विहीर आणि खोली याखेरीज कुठे गेली नव्हती. त्यामुळे पहिला अर्धा तास ती मला उगाचच रागे भरत होती. चिखल माझ्यामुळे होता, ऊनही माझ्यामुळे होतं. मग रुळांचा भराव संपून माळ लागला आणि तिचं बोलणं हळूहळू कमी झालं. दोन्ही बाजूंना टाकळा पिवळा झाला होता, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे वर आले होते, गवतात निळा केना डोळे उघडून बसला होता. मला ही सगळी तेव्हा नुसती झुडपं होती. आई एकाएकी टाकळ्यापाशी वाकली आणि म्हणाली, "ऐक." मला काही ऐकू आलं नाही. "कान खाली कर की." मी खाली वाकले. एका पिवळ्या फुलाला एक मधमाशी घट्ट मिठी मारून बसली होती, पंख मिटलेले, आणि तरीही तिच्यातून घूंऽऽ असा बारीक आवाज निघत होता. थांबायचा, पुन्हा निघायचा. पोटावर निळ्या निळ्या पट्ट्या. आई म्हणाली, "फूल हलवून पीठ काढतीया. गिरणी हाय ती." मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? तर म्हणाली, "सांगायला कशाला पायजे, डोळं हाईत की."

आता माझी नात फोन फुलासमोर धरते आणि फोन तिला नाव सांगतो, लॅटिनसकट. मी तिच्याबरोबर आनंदाने जाते. फोन बरोबर सांगतो की चूक हे पाहायला मला आवडतं. पण त्या दिवशी आईने मला ज्या रीतीने दाखवलं त्यात नाव शेवटी यायचं, कधी यायचंच नाही. आधी यायचं ते काम. जांभळट रानतिळाच्या लांबट फुलात माशी डोकं खुपसून आत जायची आणि बाहेर फक्त तिचं ढुंगण दिसायचं, आई म्हणाली, "रांजणात वाकून शेवटचा तांब्या काढत्यात तशी." कुर्डूवर बारकी निळी फुलपाखरं होती, ती आईच्या मते नुसती आळशी, बसायचं आणि पंख घासायचे. एक मोठा काळाकुट्ट भुंगा आला आणि त्याच्या भाराने फुलाचा देठच खाली वाकला. आई त्याला म्हणाली, "दादा, जरा बेतानं." ती हे माझ्याशी बोलत नव्हती. मी छत्री मिटली आणि गप्प मागून चालू लागले, कारण ती असंच बोलत राहिली तर मला वाट माहीत नाही हे तिच्या लक्षात येणार नव्हतं.

ते लक्षात आलंच. उमरोळीचं स्टेशन मागे टाकून आम्ही उगवतीकडच्या टेकडीच्या पायथ्याशी आलो तरी तेरडा दिसेना. आईने विचारलं, "आता?" मी म्हटलं, "अजून थोडं." "तुला ठावं हाय ना?" "हो." "विजे?" मी रडायच्या बेतात आले, तेवढ्यात आई वळली. वळली ती माझ्याकडे नाही, टेकडीच्या उतारावर. तिथे एक शेत होतं, नुकतं फुलायला लागलेलं, विरळ पिवळं. आणि त्यावरून एक आवाज येत होता, दूर कुठेतरी पाणी उकळत ठेवल्यासारखा. आई विळा हातात तसाच धरून जवळजवळ पळत तिकडे गेली. मी पोचले तेव्हा ती बांधावर उभी होती, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि म्हणत होती, "कारळा. आगं, कारळा हाय की हितं!" आमच्या गावच्या उतारांवर कारळा असतो. चटणी गावाहून यायची, म्हणून ते बी गावीच पिकतं असं आमच्या दोघींच्या मनाने धरलेलं. आई फुलांत हात न घालता नुसतं वरून फिरवत राहिली आणि माशा तिच्या बोटांना वळसा घालून जात राहिल्या.

"विजू, तुजे आयला सांग," शेताच्या पलीकडच्या टोकाकडून आवाज आला, "त्याला कारला नाय म्हनत. कुरासनी म्हनतात. माज्या बावाचं शेत हाय त्ये."

बांधाच्या पलीकडे जानकीकाकू उभ्या होत्या. साडीचा काचा मारलेला, कमरेला कोयता, आणि मागे आख्खा उतार तेरड्याने गुलाबी. मी आईकडे पाहिलं. आई क्षणभर गोंधळली आणि मग ताठ झाली. "विजू, काकूला सांग, आमच्याकडं कारळाच म्हणत्यात." मी म्हटलं, "काकू, आमच्याकडे..." "ऐकलं गो मी, बहिरी नाय," काकू म्हणाल्या. मग त्या भर माळावर, मैलभरात चौथं माणूस नसताना, त्या दोघी माझ्यामार्फत बोलत राहिल्या. काकूला सांग तिकडचा तेरडा लहान हाय. आयला सांग खाली चिकल हाय, घसरशील. काकूला सांग आम्हाला दिसतंय. एवढं सांगेपर्यंत आई घसरली. काकू हसल्या नाहीत. हसू दाबताना त्यांच्या तोंडातलं पान मात्र गळ्याशी गेलं आणि त्यांना ठसका लागला. आईला फार बरं वाटलं.

तेरडा काढता काढता नवं भांडण निघालं. उताराच्या कडेला करवंदाची जाळी होती आणि तिच्यावर एक वेल चढलेली, तिची फुलं लाल-पिवळी, पाकळ्या उलट वळलेल्या, आगीच्या जिभांसारख्या. काकू कोयता घेऊन तिकडे निघाल्या, तशी आई म्हणाली, "विजू, काकूला सांग, ती कळलावी हाय. घरात आणली की भांडणं लागत्यात." काकू थांबल्या. "सांग तुजे आयला, आमी त्याला गौरीचे हात म्हनतो. नुसता तेरडा म्हंजे गौर थोटी. हात नकोत तिला?" आई म्हणाली, "आधीच तीन आठवडं कळ लागलीया ती पुरं." काकू म्हणाल्या, "ती कल फुलानं नाय लावली, वाकलीनं लावली." आणि तरातरा जाऊन त्यांनी जाळीत हात घातला आणि कोयता चालवला.

पुढचं इतक्या झटपट झालं की मला त्याचे तुकडेच आठवतात. काकूंचा हात थबकला. जाळीतून काहीतरी धुरासारखं उठलं. फांदीला तळहाताएवढं एक पोळं लोंबत होतं, ती फांदी अर्धी तुटली होती, आणि माशा काकूंच्या केसांवर, मानेवर, कानामागे बसत होत्या. काकूंनी किंचाळायला तोंड उघडलं आणि हात डोक्याकडे नेला.

"हलू नगंस!" आई ओरडली. "जानकी, हात खाली! डोळं मीट, तोंड मीट. हलू नगंस, मी आले."

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ती काकूंशी थेट बोलली होती, तेही एकेरीत. काकू, ज्यांच्या आवाजाने आमची भांडी थरथरायची, डोळे मिटून शाळेतल्या मुलीसारख्या उभ्या राहिल्या. मला आईने हाताच्या खुणेने मागे सारलं आणि ती इतकी सावकाश चालत गेली की मला ओरडावंसं वाटत होतं, लवकर जा ना. तिने आधी अर्धी तुटलेली फांदी अलगद उचलून जाळीच्या बेचक्यात टेकवली. मग स्वतःच्या पदराने काकूंचा चेहरा झाकला आणि त्यांच्या केसांत अडकलेली एकेक माशी, तांदळातले खडे निवडावेत तशी, दोन बोटांत धरून बाहेर सोडू लागली. तोंडाने अखंड काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. जवळ गेल्यावर ऐकू आलं: "फुलोरी हाय, फुलोरी हाय, आग्या न्हाई, जीव न्हाई जायाचा, फुलोरी हाय." ती काकूंना सांगत होती की स्वतःला, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. हळूहळू माशा पोळ्याकडे परतल्या. आईने पदर काढला. काकूंच्या मानेवर चार ठिकाणी आणि आईच्या मनगटावर दोन ठिकाणी लाल गाठी आल्या होत्या. आईने नखाने काटे खरवडून काढले, काकूंच्या कमरेची चंची स्वतःच सोडली आणि त्यातला चुना आधी त्यांना लावला, मग स्वतःला.

काकू बांधावर मटकन बसल्या. मग म्हणाल्या, "तुला बीती नाय वाटली?"

"वाटली की." आई त्यांच्या शेजारी बसली. "बाबा मध काढायचं माझं. मी धूर धरायला जायची, परकर वर खोचून. पण हितं धूर कुठला? मला काय ठावं, तुझं डोकं धरून उभं राहायला लागंल."

काकूंनी तिच्याकडे नीट, प्रथमच पाहावं तसं पाहिलं. "एक वरीस झालं तुला माज्या अंगनात. तुजं नाव काय गो?"

मला आठवतंय, आईने आधी माझ्याकडे पाहिलं, जणू ते मीच सांगायचं आहे. सरावलीत ती विजूची आई होती. अण्णा तिला "अगं" म्हणायचे. मग म्हणाली, "सुभद्रा."

"सुबद्रा," काकू म्हणाल्या. आणि एकदम त्यांना हसू फुटलं. "सुबद्रा, मानसाला वाचवलंस, आता त्ये फूल तर घे. त्यांनी चावायचं तेवडं चावलं, आता फुकट का सोडायचं?"

आई उठली, जाळीपाशी गेली, पोळ्यापासून हातभर लांबची कळलावीची तीन फुलं खुडली आणि आणून काकूंच्या मांडीवर टाकली. "घे तुझ्या गौरीचं हात. पण भांडान झालं तर मी बोलणार."

मग आम्ही जेवलो. आईने भाकरी-चटणी काढली, काकूंनी तांदळाची भाकरी काढली आणि तिच्यावरचं सुकट पानाआड लपवलं. आईने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. चटणी चाखून काकू म्हणाल्या, "ही तर कुरासनीची." आई म्हणाली, "कारळ्याची." यावर दोघीही मनापासून भांडल्या, थेट, मध्ये मी नसताना. मला एकदम बेकार झाल्यासारखं वाटलं. मी तेरड्याच्या पिकलेल्या बोंडांना बोट लावत बसले. बोंड टचकन फुटायचं आणि बिया उडायच्या. एक बी काकूंच्या कानात गेली, तर आईने मला रागवायच्या ऐवजी स्वतःच एक बोंड तोडलं आणि काकूंच्या दुसऱ्या कानाशी नेऊन फोडलं. बत्तीस-तेहतीस वर्षांची माझी आई, विळा बाजूला टाकून, पाय पसरून, खदखदा हसत होती. ती कधी लहान होती ही गोष्ट मी तोवर ऐकीव मानत होते.

त्या दुपारी आईने आम्हा दोघींना जे दाखवलं त्यातलं निम्मं काकूंनी जन्मभर त्याच रानात वावरून पाहिलं नव्हतं, आणि हे त्या कबूल करायला तयार नव्हत्या. तेरड्याच्या फुलात शिरलेली माशी बाहेर येते तेव्हा तिच्या पाठीवर मधोमध पांढरी पुसट रेघ असते, पीठ सांडल्यासारखी. फूल वरून तिला टिळा लावतं आणि ती तो पुढच्या फुलाला पुसते. काकू म्हणाल्या, ठावं हाय मला. आईने विचारलं, मग पाठीलाच का लागतं, पायाला का न्हाई? काकूंनी पान थुंकायचं निमित्त करून तोंड फिरवलं. ऊन कलल्यावर गवताच्या एका वाळक्या काडीपाशी आईने आम्हाला हाताने थोपवलं. काडीवर खालून वर चार-पाच निळ्या पट्ट्यांच्या माशा ओळीने होत्या, पाय सुटलेले, फक्त दाताने काडी धरलेल्या. त्या झोपल्या होत्या. "ह्यांना घर नसतं," आई म्हणाली. "नर हाईत. संध्याकाळ झाली की मिळंल ती काडी धरत्यात." काकूंनी वाकून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "सेकंड शिप्टचे हायेत."

परत येताना दोघींच्या डोक्यावर भारे होते म्हणून उमरोळीहून पॅसेंजर धरली. एकच स्टेशन, पण ते पुरलं. भाऱ्यातून एक माशी निघाली आणि डब्यात घिरट्या घालू लागली. कारखान्यात कामाला जाणारे चार-पाच जण बाकावरून उठून दारापाशी गेले. त्यांतला एक म्हणाला, "माताजी, मधुमक्खी है, काटेगी!" आईला हिंदी येत नव्हती, म्हणजे तोवर आम्हाला तसं वाटत होतं. ती शांतपणे म्हणाली, "नहीं काटती. हमारे संगती है." तो बिचारा बोईसरपर्यंत उभाच राहिला.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गौर आली ती दोन्ही हातांसकट. काकूंनी काकडी किसून, गूळ-तांदळाचं पीठ घालून हळदीच्या पानांत वाफवलेलं गोड आणलं, आईने पुरण घातलं. काय झालंय ते अण्णांना कुणी सांगितलं नाही. ते आईच्या मनगटावरच्या गाठी पाहून म्हणाले, "हे काय?" आई म्हणाली, "सुपारीएवढं पोळं होतं," आणि बाहेर निघून गेली. अण्णांनी मला विचारलं, मी सांगितलं, त्यांनी विश्वास ठेवला नाही. पण पत्राचा विषय कोणी काढला नाही. तो अण्णांच्या खिशात होता आणि चतुर्दशी जवळ येत होती. पेटीत माझे दोन फ्रॉक आणि आईची चांगली साडी घडी घालून ठेवलेली होती, आणि मी रोज शाळेतून येऊन ती पेटी उघडून पाहायची. कपडे वाढत नव्हते, कमीही होत नव्हते.

विसर्जनानंतर दोन दिवसांनी मामा आला. दुपारी दोनचा सुमार. अण्णांना सुट्टी होती. मी शाळेतून लवकर सुटले होते. मामाच्या हातात रिकामी पिशवी, सामान न्यायला म्हणून. त्याने पाय धुतले, घरात पाहिलं आणि विचारलं, "आक्का कुठं हाय?" अण्णा म्हणाले, "उमरोळीला गेलीय." "कशाला?" अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कारळा पूर्ण फुलला का ते बघायला. काकूंबरोबर." मामा खाटेवर बसला. अण्णांनी चहा केला. तो संपल्यावर पुन्हा चहा केला. मामा दोनदा उठून रस्त्यापर्यंत जाऊन आला. तिसरा चहा झाला तेव्हा अंगणाच्या टोकाला काकूंचा आवाज आला, आणि त्यामागून दोघी. आईच्या केसांत आणि खांद्यावर पिवळी भुकटी होती. मामाला पाहून ती जागच्या जागी थांबली.

"आरं? तू कशापायी आलास?"

मामा उभा राहिला. "आक्का, तूच बोलावलंस की. पत्र धाडलंस." त्याने अण्णांकडे पाहिलं. अण्णा खिशावर हात ठेवून उभे होते, मामाचं कार्ड कोणी मागितलं तर द्यायचं की नाही हे ठरवत असावेत.

आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. माझ्याकडे, अण्णांकडे, मग काकूंकडे पाहिलं. काकू विहिरीकडे बघत होत्या. त्यांच्या तोंडातलं पान हलायचं थांबलं होतं. "व्हय, धाडलं होतं," आई म्हणाली. "पर काढणी दिवाळीनंतर हाय. हिच्या भावाला मी येते म्हणून सांगून बसले. त्याला धड झोडपता येत न्हाई, सगळं बी मातीत घालवतो." आणि मग एकदम खाटेच्या कडेला बसत तिने मामाला विचारलं, "आपल्याकडं यंदा माशी कशी हाय रं? बसतीया का कारळ्यावर?"

"कुरासनीवर," काकू म्हणाल्या.

मामाला काही उमगेना, पण प्रश्न त्याच्या ओळखीचा होता, म्हणून तो सांगू लागला. अण्णा आत गेले. मी त्यांच्या मागे गेले. त्यांनी फळीवरून तांदळाचा डबा काढला, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि मला हळूच विचारलं, "सगळ्यांना मिळून किती टाकायचे गं? तुझी काकूही जेवेल."